ओवलेली सुई

हॅलो?… हो, मीच. बोल बाळा… अगं ऐक ना. तुझी आई गेल्याचं कळलं, त्याच संध्याकाळपासून डोळा दुखतोय, हे खरं. पण रडून दुखतोय असं कुणी सांगितलं?… आत्यानं? तिला सांग, मी अजून रडलेलो नाही.

हो, हो… रिपोर्ट नॉर्मल आलाय. मग डोळ्यामागे कुणी सळई फिरवतंय, तेही नॉर्मलच का?… अगं, पापणी उचलत नाही. बोटानं उघडली तर बुबुळ जागचं हलत नाही, आणि एकाचे दोन दिसतात. काल समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही जुळे का?… हसलीस ना. बरं झालं.

नाही, घरी न्यायला गाडी पाठवू नकोस… नको म्हणतो ना. डॉक्टरीणबाईंनी समजावलंय. तो स्कॅन मेंदूचा होता. मेंदूत गाठ नाही, रक्त साकळलेलं नाही, एवढंच त्यातून कळलं. डोळ्यामागे बोटाच्या पेराएवढी जागा असते, डोळा हलवणाऱ्या नसा तिथूनच येतात. तिथली सूज साध्या स्कॅनमध्ये निसटते म्हणे. आता औषध टोचून पुन्हा स्कॅन, तेवढ्याच जागेचे बारीक काप बघणार. मग रक्त, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासणार…

तोवर गोळ्या का नाहीत, तेच मी विचारलं. गोळ्या आहेत, दोन-तीन दिवसांत ठणका पळेल, म्हणाल्या. पण आधीच दिल्या आणि आत दुसरंच काही वाईट असलं, तर तेही दबून बसतं. मग सापडत नाही… सोसायचं. दुसरं काय?

भीती? वाटते ना. त्या स्कॅनच्या नळीत छातीवर झाकण लावल्यासारखं होतं. हलायचं नाही. खडखडाटात आपली हाक आपल्यालाच ऐकू येत नाही… यावंसं वाटतं गं घरी. पण येऊन करू काय? टाका कुठे पडतोय तेच दिसत नाही.

थांब, न्यायला आले… हो सिस्टर, ठेवतो फोन… काय? गळ्यापाशी?… सुई आहे ती. तुम्ही दिलेल्या या दवाखान्याच्या झग्यालाही खोचली मी, शिंप्याची सवय… नळीत लोखंड चालत नाही? बरं, डबीत ठेवा. पण दोरा निघू देऊ नका…

अगं, मला कुठे ओवता येते? तुझी आईच ओवून द्यायची. ही तिनं ओवलेली शेवटची… नाही, वापरली नाही. जावईबापूंच्या कोटाचं वरचं बटण लावायचं राहिलंय.