लाकडी बसची किल्ली

आपियाच्या बाजारात लाकडी बस गच्च भरून उभी होती. लोसामावशी अळकुड्यांची टोपली पायाशी घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. शेजारी बसमालक इओसेफाचा मुलगा फेरेती, समोर त्याची थोरली बहीण मासिना, आणि दारात खुद्द म्हातारा. मावशीचे दोन्ही कान तिकडेच.

“बाबा, दहा वाजले. वेळापत्रकाप्रमाणे निघायचं.”

“त्या वेळापत्रकापायी तू महिनाभर रिकामी बस पळवलीस, फेरेती. तू आणि चार माशा, एवढेच प्रवासी!”

“लोक वेळेवर येत नाहीत, त्याला मी काय करू, ताई?”

“लोक घरात बसून हॉर्नची वाट बघत होते. तू हॉर्न न वाजवता पुढे!”

“आणि तू काल एका डुकरासाठी अर्धा तास थांबलीस.”

“डुकरामागून अख्खं वऱ्हाड चढलं, ते नाही मोजलंस.”

“बाबा, धंदा बुडतोय. आज सोक्षमोक्ष लावाच. किल्ली ज्याला द्याल, बस त्याची.”

“थांबा रे,” म्हातारा म्हणाला. “रोज आपल्या बसने जाणारी फेतूआजी कुठे दिसत नाही?”

“एका म्हातारीसाठी आता…”

“आज मंगळवार, बाबा. डोळे दाखवायला गेलीय. तिला सांगितलंय मी, तुला घेतल्याशिवाय हलत नाही.”

इओसेफाने किल्ली मासिनाच्या हातावर ठेवली.

“आणि मी, बाबा?”

“तू ऊठ. ती बघ आली, आजीला जागा दे.”

“मग मी कुठे बसू?”

लोसामावशीने मांडी थोपटली. “बस भरली की मांडीवर, ही रीत विसरलास होय? ये, लाजू नकोस. तुझा बापही तरुणपणी इथेच बसायचा.”