जवळ राहणारं आपलं कोण

घोडबंदर रोडच्या बसथांब्यावर शेवंतीबाईंच्या पुढे मायलेकी मोबाइलवर आठवीच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होत्या.

"आई, आईबाबा सोडून जवळ राहणारं आपलं कोण, असं विचारलंय. नाव नि नंबर."

"शकूकाकूंचं टाक."

"अगं, त्या कल्याणला! मला लागलंबिगलं तर त्या पोचेपर्यंत संध्याकाळ होईल."

"मग रिकामं सोड."

"फॉर्म पुढे जात नाहीये. लाल दाखवतंय."

"समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं टाक."

"नाव काय त्यांचं?"

शेवंतीबाईंनीही आपल्या समोरच्या दारावरची पाटी आठवून पाहिली. त्यांना इथे येऊन सहा वर्षं झाली होती.

"आई?"

"राहू दे. त्या दुसऱ्या शाळेत असलं काही विचारत नाहीत. तिथेच घालू तुला."

"पण चांगली तर ही आहे ना?"

"हो गं. चांगली हीच आहे."