दुकानासमोरची मीटिंग

हळू बोला हो, हळू! मीटिंग कुठं भरते हे असं भर रस्त्यावर उभं राहून विचारते का कोणी? या, आत या, बसा त्या खताच्या पोत्यावर — कोणी आलं त बियाणं पाहून राह्यलो म्हणजा. तुमची थैली कुठं आहे? नाई आणली? अरे बाप्पा! मीटिंग बाजाराच्या दिवशी ठेवते ते काऊन? बाहेरगावचा माणूस हातात थैली घेऊन दिसला का लोकाइले वाटते, आला भाजी घ्याले. रिकाम्या हाताचा माणूस सारे वळून पाहते. ही घ्या, बियाण्याच्या कंपनीची आहे, दोन वांगे टाका तिच्यात.

ते समोर वाचनालय दिसते ना, त्याच्या मागच्या खोलीत भरते दारू सोडणाऱ्याइची मीटिंग. बोर्ड नाई. बोर्ड कसा लावतीन? जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे इथं कोणी पेतच नाई, मंग सोडवाची कोणाची? — हासू नका, इथच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष आहो मी. मनोहरराव म्हणते मले. घाबरू नका, बसा, तुमची तक्रार नाई करत. चपला आत काढाच्या, बाहेर नाई, लोकं चपलावरून माणूस ओळखते. नाव फक्त पहिलं सांगाचं, आडनाव नाई — आता आष्टीत आडनाव लपवून काय होते, कुत्रे ओळखते इथं माणसाले! म्हणून इथचे जाते वर्ध्याले, अन् तुमच्यासारखे येते इथं. कुठचे म्हटलं? रोहण्याचे? ...रोहण्याले माही पोरगी देली. मयुरी. नत्थूजीची सून. ओळखता? ओळखतच असान.

मले कसं माहीत? इथं बसलं का सारं ऐकू येते ना. त्या खोलीची खिडकी बोळीतून इकडंच उघडते. रडते माणसं, मंग एखादा हासते, मंग सारेच हासते. दारू सोडून इतकं काय हासाचं असते बावा, मले समजत नाई, पण ऐकत राहावं वाटते. गिऱ्हाईक नसलं का शटर अर्धं ओढतो — ऊन लागते म्हणून. वास? औषधाचा आहे तो, फवारणीचा. या दुकानात दुसरा कोणताच वास समजत नाई कोणाले, म्हणून त मी दिवसभर दुकान सोडत नाई. म्हणजे — धंदा आहे ना. पुलापलीकडं अमरावती जिल्हा लागते, तिथं सारं उघडं, पण मी जातो ते बियाणं पोचवाले.

एकदा गेलतो मीटिंगले. इथं नाई, वर्ध्याले, कोणी ओळखू नये म्हणून — समितीच्या कामानं हो, घरी तसंच सांगतलं होतं! सतरंजीवर बसलो, मान वर केली, त समोर कोण? नत्थूजी! माहे इवाई! आता पोरीच्या सासऱ्यापुढं पोरीच्या बापानं काय सांगाचं? कोणी विचाराच्या आधीच तोंडातून निघालं, "मी अध्यक्ष, मार्गदर्शन कराले आलो." झालं! उभं केलं त्याइनं मले. अन् मी बोललो बाप्पा — दारूनं घर कसं बुडते, बायकोपोराइचे काय हाल होते — लय बोललो. टाळ्या पडल्या. नत्थूजी खाली मान घालून बसलेले. ते नेमानं जात होते तिथं, चांगले सुधरले होते, हे मले मंग समजलं. त्या दिवसापासून नाई गेले. कसे जातीन? सुनेच्या बापानं पाह्यलं ना. आता मयुरीचा फोन येते — बाबा, मामाजी पुन्हा प्याले लागले, आंगणात पडून राह्यते, तुमी येऊन समजवा, तुमचं ऐकतीन. मी काय समजवू? "नत्थूजी, मीबी तुमच्यासारखाच बसाले आलतो," एवढं एकच बोलाचं आहे. एवढं ऐकलं का ते उद्या जातीन मीटिंगले, मले माहीत आहे. अन् मी? मी कुठं जाईन मंग? या गावात राहाचं आहे ना मले.

काय म्हटलं? एकटं जावं वाटत नाई? मी... मी येऊ? तसं आत्ता रस्त्यावर कोणी नाई. सुरू झाली वाटते, ऐका. थांबा, शटर ओढतो. मागून जाऊ, नळाकडून. मी आज भाषण नाई देत, नुसता बसतो तुमच्या बाजूले. अन् रोहण्याले गेल्यावर नत्थूजीले सांगजा — मनोहरराव बसले होते म्हणा, ऐकणाऱ्याइत बसले होते. सांगान ना? माह्यानं नाई होत हो ते, तुमीच सांगजा. चला, उठा, लवकर, नाई त पुन्हा माहं मन —

कोण? कुंताबाई! या, या! महिला मंडळाच्या साऱ्याच आल्या का? नाई हो, बंद कुठं करून राह्यलो, उघडंच आहे तुमच्यासाठी. हे? कोण जाणे कोण आहे... अहो, तुमी काय पाहून राह्यले माह्याकडं? लाज नाई वाटत? अध्यक्षाच्या दुकानात येऊन दारूचा पत्ता विचारता? पाहा कुंताबाई, असे लोकं शिरते आपल्या गावात! आष्टीत दारू नाई भेटत, समजलं? निघा! तिकडं नाई, त्या खोलीकडं काय पाहता — बस स्टँड या बाजूले आहे. निघा म्हणतो ना!