येतो म्हणावं

निघताना कुणी काहीही म्हणो, मी आता टोकत नाही. एप्रिलमधला रविवार, सकाळचे अकरा. आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवर सगळी बिल्डिंग पन्हं प्यायला जमलेली. तळमजल्यावरचे बेळगावचे अण्णा उठले, म्हणाले, "चला, जातो."

मी म्हटलं, "अण्णा, जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

ते हसले आणि त्यांच्या कानडी ढंगात म्हणाले, "सरी, येतो."

दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी अक्का, म्हणजे अण्णांची बायको, माझ्याकडे आल्या. "रोज अकराला बेल वाजते. दार उघडलं की कुणी नसतं."

"अक्का, वायरिंग बघू का?"

"मंगळवारी बेलच काढून ठेवली. तरी वाजते." मग हळूच म्हणाल्या, "तूच म्हणायला लावलंस ना? आता तूच सांग त्यांना, जा म्हणून."