रविवारच्या आधी पोचलेली चिठ्ठी

(इंडियानातल्या एका छोट्या गावची सरकारी शाळा. सोमवार, सकाळ. कार्यालयाच्या खिडकीत आत लोरेनबाई, बाहेर बझ.)

बझ : ‘मागितलेलं नाव’ या रकान्यावर तुम्ही हात का ठेवलाय, बाई?

बाई : तू आधी बस म्हणून. उभ्याउभ्या सही ठोकायचा कागद नाही हा.

बझ : बसायला वेळ कुठेय? गॅरेजमध्ये एकाचा ट्रॅक्टर उघडा टाकून आलोय. आणि चिठ्ठी तरी कसली पाठवता हो! ‘तुमच्या मुलीने शाळेत स्वतःला वेगळ्या नावाने हाक मारावी अशी विनंती केली आहे. कार्यालयात येऊन होय किंवा नाही कळवावे.’ नाव कुठलं ते नाही, कशासाठी ते नाही. शनिवारी टपालपेटीत सापडली, बियाण्यांच्या जाहिरातींखाली.

बाई : घडी मीच घातली होती तिची.

बझ : तुम्ही?

बाई : मग कोण? शिकवणं सुटल्यापासून हेच तर करते. ऑगस्टपासून दोनशे घड्या घातल्या. कॅथरीनला केटी म्हणायचंय, घाल घडी. थिओडोरला टेड म्हणायचंय, घाल घडी. शाळेचा वकील म्हणाला, कुठलं नाव लाडाचं आणि कुठलं तसलं, म्हणजे मुलीने घेतलेलं मुलाचं, हे आपण ठरवायचं नाही. सरसकट पाठवा. बास्केटबॉलची अख्खी टीम अर्ज घेऊन दारात उभी होती!

बझ : थट्टा नको, बाई.

बाई : बरं, नाही करत. तू गेला होतास ना बसमधून राजधानीला, पोराने नाव बदलून मागितलं की आईबापाला कळवायच्या या कायद्याच्या सुनावणीला?

बझ : गेलो होतो. तीन मिनिटं बोललोही. आणि आजही तेच बोलेन. लॅरीच्या पोरीचं काय झालं? आठ महिने ती शाळेत दुसऱ्या नावाने, शाळेला सगळं ठाऊक, आणि आईबापाला कधी कळलं? ती दवाखान्यात पडली तेव्हा. पोरं आमची, आणि शेवटच्या रांगेत आम्हीच उभे?

बाई : लॅरीची बायको दुकानात दिसली की मी सामान तिथेच सोडून बाहेर पडते.

बझ : मग? चुकलं कुठे माझं?

बाई : चुकलं म्हणतच नाही मी. एवढंच ऐक. बुधवारी तुझं पोर इथे आलं होतं, या खिडकीशी. वर्गाच्या सरांना आदल्या शुक्रवारीच नवं नाव सांगून झालं होतं. मला म्हणालं, “चिठ्ठी रविवारपर्यंत थांबवता येईल का? रविवारी मी आणि बाबा तळ्यावर मासे धरायला जातो. तिथे मीच सांगणार आहे.”

बझ : तळ्यावर?

बाई : होडीत. म्हणालं, “होडीतून बाबांना उठून जाता येत नाही.”

बझ : डोकं बघा कार्टीचं!

बाई : कायदा म्हणतो, कामाच्या पाच दिवसांच्या आत कळवा. पाचवा दिवस शुक्रवार. मला म्हातारपणी नोकरी घालवायची नव्हती. गुरुवारी टाकली टपालात.

बझ : म्हणजे सांगणार होती ती.

बाई : हो. बोललं का मग पोर काल?

बझ : गेलोच नाही आम्ही.

बाई : का?

बझ : शनिवारी चिठ्ठी वाचली. सकाळी मी म्हटलं, होडीचं इंजिन बिघडलंय.

बाई : गावातल्या एकुलत्या एका मेकॅनिकच्या होडीचं इंजिन!

बझ : ती गळ घेऊन पायरीवर बसून राहिली. अकरा वाजेपर्यंत. मी स्वयंपाकघरातून बघत होतो. मला भीती वाटली, बाई. ती बोलेल याची नाही. मी काय बोलून जाईन याची.

बाई : चौथीत तू माझ्या टेबलाशी आला होतास, आठवतं? म्हणालास, “मला त्या नावाने हाक मारू नका. मी बझ.”

बझ : ते वेगळं होतं.

बाई : होतंच. एक म्हणतच नाही मी. पण हजेरीपटावर पेन्सिलीने ‘बझ’ लिहिलं ते मी, आणि तुझ्या बापाला विचारलं नाही.

बझ : विचारलं असतं तर चामडी सोलली असती त्याने.

बाई : ती तशीही सोललीच. मॅचच्या दिवशी पोरं ‘बझ, बझ’ ओरडली आणि सोमवारी तू फाटलेला ओठ घेऊन वर्गात. त्याच्या बापाचं नाव तुला ठेवलेलं, ते तू टाकलंस म्हणून. तीस वर्षं झाली, बझ. त्याला आधी विचारायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

बझ : हात काढा आता. वाचू द्या.

बाई : घे.

बझ : ...क्लॅरेन्स?

बाई : हं.

बझ : क्लॅरेन्स! अहो, शत्रूच्या कुत्र्यालाही ठेवू नये असलं नाव! सगळं जग पडलं होतं हिला, आणि मी टाकलेलं हे?

बाई : मीही विचारलं. म्हणालं, “बाबांच्या हत्यारांच्या पेटीवर कोरलंय. लहानपणापासून त्या पेटीवर बसून पाने-पकडी उचलून द्यायचं काम माझं. तेवढं एकच नाव मला आपलं वाटलं.”

बझ : आजोबांची पेटी ती.

बाई : घे, रुमाल घे. स्वच्छ आहे.

बझ : मला हे समजत नाही, बाई. खोटं कशाला बोलू? मला माझी मॅडी हवी आहे. हा कागद पुढे केलात तर आज माझ्या हातून ‘होय’ लिहिलं जाणार नाही.

बाई : आणि ‘नाही’?

बझ : तेही नाही. तो राहू दे तुमच्याकडे. दुसरा कागद द्या, पोराला लवकर घरी न्यायचा.

बाई : कारण काय लिहू?

बझ : घरगुती.

बाई : ट्रॅक्टरचं काय?

बझ : तो काय रुसून बसणारेय?

बाई : सही कर इथे. आता बारा नंबरच्या वर्गात पुकारावं लागेल. त्या कागदावर ‘होय’ नसताना दुसरं नाव मला माईकवर घेता येत नाही. मॅडलिन म्हणून पुकारू?

बझ : नको.

बाई : अरे, मग काय म्हणू?

बझ : नावच कशाला घेता? म्हणा, बाबा आलाय न्यायला. इंजिन दुरुस्त झालंय.