शरदजींचा नायक आणि माझी बसलेली वाचा

...आणि वर म्हणतात काय, 'उन्मेष, तू तर साक्षात माझा नायक!' अहो, कसला नायक? तुम्हाला सांगतो, हे शरदजी आमच्या विजय नगरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, कादंबऱ्या लिहितात, आणि यांचा नायक म्हणजे... दगड! गोळी लागली तरी हूं नाही की चूं नाही, बायको सोडून गेली तरी खिडकीबाहेर बघत सिगरेट पेटवतो, बस्स! आणि हा दगड घडवला कोणावरून? माझ्यावरून!

झालं काय, भंवरकुआं चौकात आम्ही दोघं रस्त्यात उभे, समोरून सांड सुटलेला, लोक 'भागो भिया, भागो!' करत पळतायत, शरदजी टपरीमागे, आणि मी? जागच्या जागी! पापणी हलत नाही! सांड आला, मला हुंगलं, निघून गेला. शरदजी म्हणतात, 'क्या हिम्मत है यार!' अहो, मी शांत नव्हतो, मी घाबरलो होतो! घाबरलो की माझी वाचाच बसते, पायसुद्धा हलत नाहीत... पण ऐकतो कोण? कादंबरी छापून आली ना!

मग काय, पार्किंगमध्ये साप निघाला, बोलवा उन्मेषजींना! हातात काठी दिली, मी पुतळा, साप माझ्याकडे बघतोय, मी सापाकडे... शेवटी तोच कंटाळून झाडीत गेला. टाळ्या! अरे, टाळ्या कसल्या वाजवता? मी शांत नव्हतो, मी घाबरलो होतो!

आणि मग तो रविवार. सकाळी पोहे खात बसलो होतो अन् छातीत असं काही दाटलं... डावा हात बधिर, घामाच्या धारा, घशातून आवाज निघेना. समोर रुची, माझी बायको, फोनवर आईशी बोलतेय, 'बघ ना आई, घामाघूम झालेत, पण पंखा लाव म्हणून म्हणायचे नाहीत! अगदी पुस्तकातल्यासारखे!' मी डोळे मोठे केले, तर म्हणते, 'आणि आता नजरेनं बोलतायत!' अगं बाई, मी मरतोय! गप्प राहिलो तर ही शेवटपर्यंत कौतुकच करत बसेल! असा गारठलो त्या विचारानं... अन् कुठून बळ आलं देव जाणे, ओरडलो, 'आई गंऽऽऽ! मेलो गं रुची, मेलो!'

फोन पडला तिच्या हातातून. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, 'बरं झालं ओरडलात. लोक सहन करत बसतात, आणि मग उशीर होतो.' स्ट्रेचर आत नेत होते, तेव्हा रुचीचा हात धरून म्हटलं, 'मला फार भीती वाटतेय गं.' ती म्हणाली, 'मलाही.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा... बरं वाटलं हो!

वाचलो. शरदजी भेटायला आले, डोळे चमकतायत. 'उन्मेष, नव्या कादंबरीत नायकाला हार्ट अटॅक! तोंडातून शब्द काढत नाही पठ्ठ्या!'

रुचीनं विचारलं, 'मग वाचतो का?'

'छे! मरतो ना! पण काय शानदार मरतो!'

'आणि यांनी केलेला आरडाओरडा?'

'तो मी नायकाच्या बायकोच्या तोंडी टाकलाय, भाभीजी.'

मी आपली गुमान मान डोलावली... तर शरदजी लगेच मोबाइलवर टाइप करतायत, 'नायक मृत्यूलाही मूकपणे होकार देतो'!