आबांना कुणी उचललं

भावांनो, मी कॉलेज सोडलं तेव्हा घरच्यांना वाटली नसेल एवढी लाज मला परवा वाटली. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की हाडं ठिसूळ होतायत, वजनं उचलत जा. म्हणून ती रोज स्वयंपाकघरात डंबेल हातात धरून उठाबशा काढते. आमचे थोरले चुलते आबा, महाळुंग्यातली जमीन विकून नुसतं पोट वाढवलेला माणूस. त्यांना ते खपेना. "बायांचं काम न्हाई हे. उद्या ही वजनं भंगारात देतो."

परवा पूजेच्या पंगतीत आबा जेवले आणि त्यांना उठताच येईना. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं वडिलांनी. आम्ही धापा टाकायला लागलो, आबा जागेवरच. आमच्यात भावजय थोरल्या दिराला शिवत नाही. पण आई आली, मागून त्यांच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले आणि आबांना सरळ उभं केलं.

आबांनी मागं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावर थाप मारली. "पोरात ताकद हाय."

वडील ताटाकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं पदर सावरला. "व्हय आबा, त्यानंच उचललं. वजनंबी त्याचीच हायती. भंगारात देऊ नका."

"पोराची असली तर राहू दे," आबा म्हणाले.

आता आई रोज 'माझ्या' वजनांनी व्यायाम करते, आणि मला चहा मागायलासुद्धा स्वयंपाकघरात जाववत नाही.